वेल्डिंगचे चार तास

दुर्बीणवाल्या साहेबाला आमच्या वस्तीत सगळे 'मधाचं बोट' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी वस्तीच्या याच हॉलमध्ये बसून तो म्हणाला होता, "काकू, आमची दुर्बीण आकाशातल्या बारीकसारीक लहरी टिपते. मोबाइलचा टॉवर, तुमचं वेल्डिंग, सगळ्याचा तिला अडथळा होतो. तेवढं बंद ठेवा. बदल्यात दवाखाना देतो, गाडी देतो, वायरचा फोन देतो."

कागद कोणी मागितला नाही. आमच्याकडे हातात हात दिला की झालं. वर कागद मागायचा म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणायचं. आमच्या ह्यांनी हात दिला, वेल्डिंगचं मशीन पोत्याखाली झाकलं आणि पन्नाशीत रंधा मारायला शिकले. दवाखान्याच्या जागेवर काय आलं? एक बाक आणि ग्रहांची माहिती देणारा फलक!

सहा वर्षांनी ह्यांच्या छातीत कळ आली. फोन करणार कुठून? पोरगा सायकल दामटत शहरात गेला. गाडी यायला चार तास लागले. डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडी आली तेव्हा मी त्यांचे डोळे मिटून बसले होते. त्या दिवसापासून मनात डूख धरून आहे मी, उगाच खोटं कशाला बोलू?

काल मधाचं बोट परत आलं. दुर्बिणीच्या आणखी बारा तबकड्या उभारायच्यात, वस्तीची संमती हवी. या वेळी बोलणी करायला सगळ्यांनी मला पुढे केलं. घरी सून आठव्या महिन्यात. तिच्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच ठरवून मी बसले.

"शाळेला संगणक देतो, काकू. छान बाग करून देतो."

"दवाखाना?"

"बघू की. तेव्हा तसं लेखी काही ठरलं नव्हतं ना?"

वा रे वा! गरज सरो, वैद्य मरो. मी पोराकडे बघून मान हलवली. तो गुपचूप उठून गेला.

वीस मिनिटांत साहेबाचा ड्रायव्हर धापा टाकत आत आला. "साहेब, दुर्बिणीत नुसती खरखर येतेय! दुर्बीण बघायला आलेले पाहुणे खोळंबलेत!"

साहेब ताडकन उठला. "काकू, वेल्डिंग चालू आहे? ते बंद ठेवायचं ठरलंय!"

"कुठे लिहिलंय? कागद दाखवा."

त्याचं तोंड एवढंसं झालं. कागद त्यालाच नको होता. कागद केला असता तर त्यात दवाखानाही आला असता.

"एवढं काय जोडताय?" त्याने विचारलं.

"दवाखान्याचं फाटक. फाटकामागचा दवाखाना तुम्ही आणा."

मग लिहिलं त्याने. गाडी आणि फोन उद्यापासून, दवाखाना सहा महिन्यांत, तोवर तबकड्यांचं काम सुरू करायचं नाही. सही, शिक्का, चार साक्षीदार. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"आता तरी बंद करायला सांगा."

"सांगते. चार तासांनी."

"चार तास? अहो, सही केली ना मी!"

"सही सुनेसाठी होती. चार तास ह्यांचे आहेत."

तो दाराकडे बघायला लागला. मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"बसा, साहेब. मीही बसले होते."