टोमॅटो सुपाची दोन पातेली

मेहुण्याला जहाजावर त्यानेच आणलं होतं. "माझ्या भावाचं बघा की," असं बायको सारखी म्हणायची, म्हणून त्याने शब्द टाकला. दोन वर्षांत मेहुणा शेफच्या गळ्यातला ताईत झाला. सूप विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा शेफने सांगितलं, "दोघांनी टोमॅटोचं सूप करा. जेवणाआधी चाखेन आणि तिथेच ठरवेन."

नऊ वर्षं ढवळण्यात घालवलेल्या माणसाची परीक्षा, तीही मेहुण्याबरोबर! त्याचा तिळपापड झाला.

पातेली नव्वद लिटरची, पण जहाज निघताना साठच्या खुणेपुढे भरायची नाहीत. त्याने पन्नासच भरलं होतं. मेहुण्याचं सूप सत्तरला पोचलेलं. सूप पुरलं नाही तर नाव जाईल, या धास्तीने त्याने खुणेकडे पाहिलंच नव्हतं. जहाज वळताना ते उकळतं सूप थेट मेहुण्याच्या पायांवर आलं असतं.

बंदर सोडल्याचा भोंगा झाला. तो आपलंच सूप ढवळत राहिला. सांडू दे, कळू दे शेफला.

"भाऊजी, कांदा मुद्दाम करपवलाय," मेहुणा हसून म्हणाला. "ताईला सांगू नका हं, घरी मी साधा चहाही करत नाही."

ताईचं नाव निघालं आणि भाजलेले पाय त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"गाढवा, खूण बघ!"

दोन लिटरचा जग बुडवून तो सूप उपसू लागला. ओतायला जागा एकच, त्याचं स्वतःचं पातेलं. पाचवा जग रिकामा झाला तोच फरशी कलली. दोन्ही पातेल्यांत सूप काठाशी चढलं आणि खाली बसलं.

शेफ आला. मेहुण्याचं सूप चाखून त्याने मान डोलावली. दुसऱ्या पातेल्यातून मात्र दोनदा चमचा भरला.

"माझ्या तोंडी हा करपलेला कांदा जास्त झाला, इथे बेताचा आहे. काय केलंस?"

"नेहमीचंच," तो मेहुण्याकडे न पाहता म्हणाला.

"मग उद्यापासून विभाग तुझा."

मेहुण्याने एक शब्द काढला असता तरी पुरे होतं. पण तो पुढे झाला आणि त्याचा हात घट्ट दाबत म्हणाला, "भाऊजींचा हातच तसा आहे! ताईला मी कळवतो."

जागा मिळाली, तरी त्याने हात हिसकावून घेतला. हे मोठेपणही यालाच जमावं!

"काही नको," तो तुसडेपणाने म्हणाला. "मी कळवेन."