ओट्यावरची भाकर

बहिष्कार कसा टाकावा हे नानाजींना कोणी शिकवायची गरज नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन ते सावनेरकडच्या आपल्या गावी परतले, आणि गावानं त्यांची विहीर बंद केली, चक्की बंद केली, दुकानदारानं मीठसुद्धा नाकारलं. बायको भीमाबाईची पहिली मुलगी तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात न्यायला कोणी बैलगाडी दिली नाही. पोर गेली. नानाजी नागपूरला येऊन गिरणीत लागले, ते एकच अक्कल गाठीशी बांधून. बहिष्कार लागतो तो एकही माणूस फुटला नाही तरच.

म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारला तेल विकायचं नाही असं बऱ्याच देशांनी ठरवलं, तेव्हा नानाजींना ती घरचीच लढाई वाटली. वस्तीत सभा असो की मोर्चा, पुढे नानाजी. "तिथचा गोरा म्हणजे आपल्या गावचा पाटीलच होय," ते सांगत, आणि टाळ्या पडत. ते चुकीचं बोलत होते असं कोण म्हणेल? माणूस खराच होता. पण खऱ्या माणसाच्या घरात दिवस काढणं काय असतं, ते भीमाबाईलाच विचारावं.

मुलगा संघपाल तेलाच्या जहाजावर खलाशी होता. नागपूरच्या पोरानं समुद्र पाहिला तो पोटासाठीच. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला. कामठीची शामला त्याच्यासाठी ठरली होती. एका दुपारी माय डोक्याला तेल चोळत होती आणि तो हसत हसत सांगून गेला.

"कप्तानानं मले दोरीनं खाली सोडलं, माय. हातात रंगाचा डबा. म्हणे, जहाजाचं नाव पुसून टाक. मंग बिननावाचं जहाज घेऊन चुपचाप डरबनले तेल उतरवलं."

"पडला असता तर गा?"

"पडलो नाही नं."

भीमाबाईला ऐकू आली ती फक्त दोरी. डरबन दक्षिण आफ्रिकेत आहे आणि तेल गोऱ्या सरकारला गेलं, हे तिला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी नळावर तिनं सगळ्या बायांना पोराचा धीटपणा सांगितला. आईचं कौतुक पदरात मावत नाही, हाच त्याचा दोष. संध्याकाळी गोष्ट नानाजींच्या कानावर गेली.

"डरबनले गेला होता?"

"नोकरी होय, बाबा. कप्तान नेईन तिकडं जातो आमी."

"गावचा दुकानदारही मले असंच म्हणे. पाटलाचा हुकूम होय म्हणे."

वस्तीच्या बैठकीत नानाजींनी पोराची शिक्षा स्वतःच्या तोंडानं मागितली. संघपालाशी कोणी बोलायचं नाही, त्याला घरात घ्यायचं नाही, नळावर भरू द्यायचं नाही. दोन म्हातारे म्हणाले, पोरगा माफी मागेल, सोडून द्या. "आज माह्या पोरासाठी फुटले तर उद्या कोणासाठी जुळान?" नानाजींनी विचारलं. बैठकीनं शिक्षा कायम केली. आठवड्यात कामठीहून सोयरीक मोडल्याचा निरोप आला.

घरातही तोच कायदा. संघपालाची भाकर दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवायची, हातात द्यायची नाही. एकदा भीमाबाईनं भाकरीखाली गुळाचा खडा दडवला. नानाजींनी तो काढून नालीत फेकला. "तूच फुटली तर मी लोकाईले काय सांगू वं?"

सुटी उरली असतानाच संघपालानं बॅग उचलली.

"येतो, माय."

घरातून निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरचं माणूस 'ये' म्हणतं. एवढ्यावर तर माणसं परत येतात. नानाजी दारात उभे होते. भीमाबाईनं ओठावर आलेला 'ये' गिळला. पोरगा जरा थांबला, मग गेला.

पावसाळा सरता सरता तार आली. आखातातल्या लढाईत विमानानं त्यांच्या जहाजावर मारा केला होता. संघपालाचं प्रेतही हाती लागलं नव्हतं.

मरण झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारची भाकर येते. बायजाबाई आणि जयवंता टोपली झाकून आल्या. नानाजी दारात आडवे आले. त्यांचे डोळे सुजले होते.

"बहिष्कार बैठकीत लागला, बैठकीतच उठन. वापस जा."

"मेलेल्यावर कायचा बहिष्कार, नानाजी?" बायजाबाई म्हणाली.

"माह्या पोरीच्या वक्ती गावानं इचारलं होतं काय?"

बाया टोपली घेऊन परत गेल्या. आत भीमाबाईनं त्यांची पावलं दूर जाताना ऐकली. तिच्या पोरासाठी रडायला आलेली ती शेवटची माणसं होती.

जरा वेळानं नानाजी आत आले. "भाकर टाक," ते म्हणाले. "गिरणीत पाळीवर जाणं हाय."

पोटचा गोळा गेल्याचं कळलं त्याच दिवशी भीमाबाईनं स्वतःच्या हातानं चूल पेटवली आणि भाकर थापली. नानाजी पाटावर बसले. तिनं ताट उचललं, त्यांच्या समोरून बाहेर नेलं, ओट्यावर ठेवलं आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"भीमा," नानाजी म्हणाले. "बोल नं वं."

ती बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. तीन वर्षांनी नानाजींना लकवा मारला तेव्हा त्यांची बाज ओट्यावरच टाकावी लागली, कारण ताट तिथंच यायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाकड्या तोंडानं सांगत, "तिले म्हणा, माही चूक झाली." लोक आत जाऊन निरोप सांगत. भीमाबाई ऐकून घेई, आणि भाकर रोज वेळेवर ओट्यावर ठेवी.