आधी समोरच्याचं म्हणणं

माझ्या मुलीला घरात सगळे शिंपली म्हणतात. लहानपणी परक्या माणसाची चाहूल लागली की तिचं तोंड जे मिटायचं, ते माणूस गेल्याशिवाय उघडायचं नाही. आमचं काम सोफे आणि खुर्च्यांना कुशन बसवण्याचं. वर घर आणि खाली कारखाना, त्यामुळे दिवसभर परकी माणसं येणारच. ही फोमच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसायची. एकदा एक बाई फोम दाबून बघायला तिकडे गेल्या आणि गठ्ठ्यामागे दोन डोळे दिसल्यावर किंचाळत बाहेर पळाल्या. त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

अशी ही मुलगी शाळा संपल्यावर म्हणाली, मला कॉलेजला जायचंय. आणि शिकायचं काय, तर इतिहास.

"इतिहास शिकून काय करणार?" मी म्हणालो. "मेलेल्या राजांच्या खुर्च्या दुरुस्त करणार?"

माझं असंच आहे, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बायको म्हणते, अहो, सगळ्या गावाच्या खुर्च्यांना मऊ गाद्या बसवता, एखादी तुमच्या जिभेलाही बसवा.

त्या दिवशी मुलीची बाजू घेतली ती माझ्या धाकट्या भावाने. आम्ही दोघं बावीस वर्षं एकत्र काम करतोय. मी मापं घेतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, कापडावर खडूने खुणा करतो. तो कापतो, शिवतो, ठोकतो. बोलण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे, त्यामुळे तो तोंड उघडतो तेव्हा घरातले हातातलं काम थांबवतात. तो म्हणाला, "दादा, जाऊ दे तिला. कारखान्यात अडकायला उभा जन्म पडलाय." एवढं सलग तो त्या वर्षात पुन्हा बोलला नसेल.

तर शिंपली कॉलेजात गेली. पहिले काही महिने मला फरक दिसला तो फक्त चपला लवकर झिजण्यात. मग एकदा जेवताना मी नेहमीसारखं म्हणालो, "आजकालच्या मखमलीत दम राहिला नाही." तर ही मान वर करून विचारते, "आजकाल म्हणजे कधीपासून, बाबा?" माझा घास हातातच राहिला. भाऊ खाली बघून हसत होता, ते मला दिसलं. दुसऱ्या वर्षी तिने कारखान्यात आलेल्या एका अनोळखी माणसाला "बसा, बाबा येतीलच" असं सांगितलं. हे कोण बोललं ते बघायला बायको जिना उतरून खाली आली होती.

कॉलेजात नेमकं काय चालतं, ते मी एकदाच बघितलं. त्यांच्या एका वर्गातल्या साठ खुर्च्यांच्या गाद्या फाटल्या होत्या आणि ते काम मला मिळालं. मी मागच्या रांगेत गुडघ्यांवर बसून गाद्या सोडवत होतो, तेवढ्यात तास सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही चालू द्या, फक्त ठोकू नका." आणि मुलं आत आली, त्यात आमची शिंपली. मला बघून तिने डोळे मोठे केले, पण पळाली नाही.

विषय होता, गावातला जुना छपराचा बाजार पाडावा की ठेवावा. मॅडमचा नियम अजब होता. कुणाचं खोडून काढायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि तेही असं, की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचंय." तो "हो" मिळाल्याशिवाय स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही.

एका उंच मुलाने पाडायच्या बाजूने जोरात भाषण ठोकलं. शिंपलीचं मत, बाजार ठेवावा. ती उभी राहिली. ती म्हणाली, "याचं म्हणणं असं, की जुनं जपा म्हणणारे आपण सगळे तिथे दहा मिनिटं जातो. जे दिवसभर बसतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर गळतं. आपल्या हौसेचं ओझं त्यांनी का उचलायचं?"

तो मुलगा म्हणाला, "हो. माझ्यापेक्षा तूच नीट सांगितलंस."

आता ही त्याला कशी लोळवते, म्हणून मी पक्कड खाली ठेवली. ती म्हणाली, "हे बोलताना मला जाणवलं, की मी त्या माणसांना काही विचारलंच नव्हतं. मला आधी तिथे जाऊन यावं लागेल." आणि खाली बसली! वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला कळेना, हरलेल्यासाठी टाळ्या कशाला वाजवतात.

घरी आल्यावर मी म्हणालो, "चांगली उभी राहिलीस आणि समोरच्याचीच वकिली करून आलीस?"

"पण बाबा, त्याचं बरोबर होतं ना."

यावर मी चहा गार झाल्याबद्दल ओरडलो.

ती शेवटच्या वर्षाला असताना आम्हाला नाट्यगृहाचं काम मिळालं. दोनशे चाळीस खुर्च्या, लाल मखमल. मखमलीला लव असते. हात एका बाजूने फिरवला तर मऊ लागते आणि रंग उजळ दिसतो, उलट फिरवला तर खरखरीत लागते आणि रंग गडद. सगळ्या खुर्च्यांवर लव एकाच दिशेने गेली पाहिजे. म्हणून कापायच्या आधी मी कापडाच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढतो, आणि भाऊ त्या बाणाप्रमाणे कापतो.

काम संपलं. नाट्यगृहाच्या साहेबांनी सगळे दिवे लावले. दोनशे खुर्च्या लालबुंद, आणि मागच्या चाळीस वाळलेल्या रक्तासारख्या काळपट. त्या चाळीस खुर्च्यांची मखमल शेवटच्या ताग्यातली, तिची लव उलटी गेली होती. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी भावाकडे बोट केलं आणि म्हणालो, "हा माझा भाऊ. याच्या हातात कात्री देता येते हो, डोकं कुठून आणून देऊ?"

साहेब हसले. दोन कामगार उभे होते, तेही हसले. त्याच दिवशी भावाने चाळीस खुर्च्या सोडवायला घेतल्या आणि आठ दिवसांत नव्याने बसवून दिल्या. नवव्या दिवशी त्याने माझ्या बायकोच्या तोंडून मला निरोप दिला, की दुसऱ्या शहरातल्या फर्निचरच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली आहे आणि महिना संपला की सोमवारी सकाळी तो जाणार.

मी मनात म्हटलं, जाईना का! चूक याची, खाली मान घातली मी, आणि नाकाला मिरच्या याच्या झोंबल्या. आधी येऊन माफी मागू दे, मग बघू. तीन आठवडे आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काम केलं आणि एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. पण खरं सांगतो, रोज सकाळी त्याच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला की मी हातातलं काम थांबवून तो ऐकायचो. तो गेल्यावर तो आवाज येणार नव्हता. त्याच्याशिवाय मला साधं स्टूलसुद्धा धड बसवता येत नाही, हे जगाला नसलं तरी मला ठाऊक आहे.

शेवटचा शनिवार आला. दुपारी भावाने आपली हत्यारं पिशवीत भरली. त्याची मोठी कात्री, जिला तो कुणाला हात लावू देत नाही, ती त्याने जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. तेवढ्यात शिंपली खाली आली आणि आमच्या मधोमध एका सोफ्याच्या उघड्या सांगाड्यावर बसली.

"सोमवारी काका जाणार," ती म्हणाली. "जाऊ दे. पण त्याआधी बाबा, तुम्ही त्याचं म्हणणं मांडायचं. तो 'हो' म्हणेपर्यंत."

"आम्ही काय तुझ्या वर्गातली पोरं आहोत?"

"ती पोरं बरी. ती ऐकतात तरी."

ही तीच, फोमच्या गठ्ठ्यामागे लपणारी! मी भावाकडे बघितलं. तो पिशवीच्या बंदाशी खेळत होता, पण उठून गेला नाही. मग मीही म्हटलं, होऊन जाऊ दे.

"याचं म्हणणं असं, की मी याला चारचौघांत बोललो."

भावाने मान हलवली. "नाही."

"बरं. मग याचं म्हणणं, की मी तापट आहे."

"ते म्हणणं नाही बाबा, ती माहिती आहे," शिंपली म्हणाली. भावाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. ती उठली आणि तिने मला दंडाला धरून कापायच्या टेबलापाशी, भाऊ रोज उभा राहतो तिथे, नेऊन उभं केलं. "इथून सांगा. तो शेवटचा तागा आला त्या सकाळपासून. 'मी' म्हणून सांगा, काकाच्या तोंडून."

बावीस वर्षांत मी त्या जागी कधी उभा राहिलो नव्हतो. तिथून माझी जागा दिसते, म्हणजे माझी पाठ दिसत असणार, कारण मी कायम फोनवर दाराकडे तोंड करून उभा असतो.

"दादाने बाण काढलेला तागा मी टेबलावर पसरला," मी म्हणालो. "कापायच्या आधी मी त्यावरून हात फिरवला." बोलताना माझाही हात टेबलावरून फिरला. आणि मी थांबलो.

"पुढे?" शिंपलीने विचारलं.

पुढचं मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, नाट्यगृहात दिवे लागले त्याच क्षणी मला ते आठवलं होतं. म्हणून तर मी एवढ्या जोरात बोललो होतो. खाई त्याला खवखवे.

"मी म्हणालो, दादा, हा तागा उलटा गुंडाळून आलेला दिसतोय. बाण चुकलाय, बघ जरा." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दादा फोनवर होता. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, खुणा केल्यात ना? काप. मी कापलं. मग नाट्यगृहात त्याने माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हाच सांगू शकलो असतो. नाही सांगितलं, कारण साहेबांसमोर दादाची मान खाली गेली असती. आणि दादाला हे सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून तो तीन आठवडे वाट बघतोय, की मी माफी मागावी."

भाऊ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "हो. हेच."

मला वाटलं होतं, शिंपली आता मला दोन शब्द सुनावेल. तिचा हक्कच होता. ती म्हणाली, "आता काका, तुझी पाळी. बाबांचं म्हणणं."

भाऊ म्हणाला, "दादाचं म्हणणं, तो घाबरला होता. एवढं मोठं काम पहिल्यांदा मिळालेलं."

मला "हो" म्हणावं लागलं. डोळे पुसायला हाताशी काही नव्हतं, म्हणून मखमलीच्या चिंधीने पुसले.

मग मला कुणी सांगितलं नव्हतं तरी मी नाट्यगृहाच्या साहेबांना फोन लावला, दोघांच्या देखत. म्हणालो, "साहेब, त्या चाळीस खुर्च्यांची चूक माझी होती. भावाने मला आधीच सांगितलं होतं." साहेब म्हणाले, "कुठल्या चाळीस खुर्च्या?" ते केव्हाच विसरून गेले होते. चूक लक्षात ठेवणारे आम्ही दोघंच होतो.

तरी भाऊ पिशवी घेऊन वर गेला. नोकरीचं तो काही बोलला नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मी शिंपलीला म्हणालो, "तुझ्या मॅडमना सांग, तीन वर्षांत त्यांनी तुला जे दिलं, ते मला पन्नास वर्षांत कुणी दिलं नाही." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला पहिल्या तासाला जमलं. मला दीड वर्ष लागलं." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. पण मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता जिन्यावर पावलं वाजली. भाऊ खाली आला, खांद्याला पिशवी. त्याची गाडी साडेनऊची. टेबलावर मी नव्या मखमलीचा तागा पसरून ठेवला होता, निळा. त्यावर एकही खूण केली नव्हती. खडू त्याच्यापुढे धरून मी म्हणालो, "लव कुठल्या बाजूला आहे रे? मी बघितलेली नाही."

तो खडूकडे बघत राहिला. मग पिशवी खाली ठेवून त्याने कापडावरून एकदा वर, एकदा खाली हात फिरवला, कड उलटवली आणि मागे बाण काढला.

"तू एकदा बघून घे, दादा."

"तू बघितलंस ना," मी म्हणालो.

त्याने पिशवी उघडली, सुतळीची गाठ सोडली आणि चादरीच्या तुकड्यातून कात्री बाहेर काढली.

"तागा धर," तो म्हणाला.

मी धरला.