खराट्याने झाडलेलं जंगल

अरे ऐका ना, त्या राखीव जंगलातल्या दोन बहिणींचं सांगते. थोरली तिथे नऊ वर्षं वाटाडी. पाहुण्यांना रानात फिरवायचं, त्यांच्या पायाच्या जळवा काढायच्या, कुणी घसरलं की उचलायचं, सगळं एकटीने. आणि धाकटी? शहरातून पक्ष्यांचं शिकून गेल्या वर्षी आली काय, आणि पाहुणे फाटकातच विचारायला लागले, "त्या हसऱ्या ताई आहेत का हो?" आणि हे कुणाला विचारायचे, तर थोरलीलाच! "मीही हसते," ती एकदा म्हणाली, पण असं दातओठ खाऊन म्हणाली की समोरच्या बाई दोन पावलं मागेच सरकल्या.

नुसता जळफळाट व्हायचा तिचा. पण एक गोष्ट फक्त तिचीच होती. ओढ्याच्या वळणावरच्या झाडात, उंच ढोलीत धनेशाची मादी बसली होती. हा पक्षी म्हणजे कमालच! मादी ढोलीत शिरते, तोंड आतून लिंपून टाकते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बिचारा तीन-चार महिने फळं आणून भरवत बसतो. ढोली शोधायची तर झाडाखाली बघायचं, तिथे बियांचा आणि शिटेचा सडा पडलेला असतो. धाकटीच्या नजरेतून तो थोडाच सुटणार? म्हणून थोरली रोज उजाडताच खराटा घेऊन जायची, सगळं झाडून ओढ्यात लोटायची, वर सुका पाला पसरायची. भर रानात झाडलोट, बोला! धाकटीने विचारलं, "ताई, यंदा ढोली कुठे दिसली का गं?" तर ही म्हणाली, "छे, कुठली."

त्यात त्या रानातून मोठा रस्ता निघाला. घरटं असलेलं झाड सोडून रस्ता वळवायचा, बाकीची झाडं कापायची, असं ठरलेलं. मोजणीदार रंगाचे दोन डबे घेऊन फिरायचा. लाल पट्टा म्हणजे कापा, पांढरा म्हणजे सोडा.

मंगळवारी दुपारी थोरली ओढ्यावर गेली आणि जागीच थिजली. तिच्या झाडावर लाल पट्टा! रंग अजून ओला.

धावत सुटली ती. पुढच्या मोकळ्या जागेत मोजणीदार, धाकटी आणि तिचे चौदा पाहुणे डबे खात बसले होते.

"ते ओढ्यावरचं झाड नाही कापायचं! मादी आहे त्यात!"

"अहो बाई, खाली एक बी नाही," मोजणीदार म्हणाला. "एवढी स्वच्छ जमीन माझ्या घरी नसते."

"मी झाडते."

"काय?"

"रोज सकाळी. खराट्याने."

एक पाहुणा खो-खो हसला, त्याला वाटलं गंमत चाललीय. धाकटी मात्र हसली नाही. "कुणापासून लपवलंस, ताई?"

सगळ्यांच्या नजरा थोरलीवर. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण झाड जात होतं ना! "तुझ्यापासून," ती म्हणाली. "एवढं एकच माझं होतं."

"आणि मी तुझ्या शब्दावर यांना लिहून दिलं, ओढ्याकाठी एकही ढोली नाही! खाली सही माझी आहे!"

मोजणीदाराने घड्याळ बघितलं. "पाचला यादी बंद. डोळ्यांनी दिसलं तर पांढरा. नाहीतर मी काय करू?"

गेले सगळे ओढ्यावर. पंखांचा भसाभसा आवाज करत नर आला, चौदा रंगीबेरंगी टोप्या बघितल्या आणि गेला परत. दुसऱ्यांदाही तेच. "गप्प बसा की जरा!" थोरली खेकसली. कोण ऐकतंय? मग धाकटी हळूच म्हणाली, "ती आत उपाशी आहे. आपण जरा मागे सरकूया का?" आणि ती चौदा माणसं कोकरांसारखी झुडपामागे जाऊन बसली! एवढ्या घाईतही थोरलीच्या पोटात भडका उडाला. नऊ वर्षांत तिचं असं कुणी ऐकलं नव्हतं.

साडेचारला नर आला. फटीतून चोच बाहेर आली, फळ घेऊन आत गेली.

मोजणीदाराने पांढरा डबा उघडला. लालावर पट्टा मारता मारता त्याने विचारलं, "शोधणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"ताईचं लिहा," धाकटी म्हणाली. थोरलीकडे बघितलंही नाही. "आणि माझा कागद परत द्या, खोडायचाय. ताई, तू घरी ये. तुझ्याशी कडाक्याचं भांडायचंय मला."

थोरलीने मान डोलावली. आधीच काय कमी होतं, तर आता मोठं मनही हिचंच निघालं!