मेंदूची कड

उत्तराने पुन्हा माईकचं बटण दाबलं. “देवकी, हलू नका. श्वास सावकाश घ्या.”

“हलून नाही राहिली, बाई,” आतून आवाज आला. “मले भेव लागून राहिलं. त्या सोनिकाबाई काहून नाही आल्या?”

“सुट्टीवर आहे.”

पडद्यावर पुन्हा बाळाच्या डोक्याचे धूसर छेद उमटले. भिवापूरच्या देवकीच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं लहान वाटलं होतं. आता एमआरआयच्या प्रत्येक छेदावर मेंदूची कड आखून त्याचं आकारमान काढायचं होतं. इतकी नेटकी आखणी विभागात उत्तराशिवाय कोणाची नव्हती. पण कडच दिसेना.

काल नाव नोंदवताना विभागातली कनिष्ठ तंत्रज्ञ सोनिका देवकीशी जेमतेम दहा मिनिटं बोलली होती. एवढ्यावर ‘सोनिकाबाई’. आईशी गप्पा मारल्याने पोटातलं बाळ शांत राहतं, याला उत्तराच्या माहितीत पुरावा नव्हता. तरी सोनिकाच्या पाळीतले छेद स्पष्ट येत. यंत्राचाच काही फरक असावा या आशेने तिने ते गुपचूप ताडूनही पाहिले होते.

आत देवकी हुंदके देऊ लागली. तिचं पोट हललं, छेद पुन्हा पुसट झाले. उत्तराने सोनिकाला फोन लावला.

“मॅडम, मेंदी लावून राहिली न मी. बहिणीचं लग्न हाय.”

“देवकीशी बोल. फोन माईकजवळ धरते.”

“देवकी वं! मिरची तोडून झाली का?”

“कुठची! सासू म्हणते, पोटात पैलवान हाय. लाथा मारून राहिला.”

“त्याले म्हण, आज डोक्याचा फोटो हाय, लाथेचा नाही.”

देवकी हसली. मग तिचा श्वास संथ झाला. यंत्राचा खडखडाट थांबला की सोनिका बोले, सुरू झाला की गप्प होई. उत्तरा एका हाताने फोन धरून होती, दुसऱ्याने यंत्र चालवत होती. एकेक कड स्वच्छ उमटत गेली.

दुपारभर तिने ती आखली. आकारमान महिन्यांच्या मानाने योग्य आलं. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर देवकी त्यांच्या खोलीतून बाहेर आली आणि थेट उत्तराकडे वळली.

“बाई, सोनिकाबाईले फोन लावून द्या न. मीच सांगतो.”

उत्तराने नंबर लावून फोन दिला. देवकीला बोलताना हातवारे करायला दुसरा हात मोकळा हवा होता. तिची पिशवी सांभाळत उत्तरा भिंतीशी उभी राहिली.