दोन किलोचा नेम

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डंबेल आहे. वजन दोन किलो. अंगावरचा काळा रंग बराच उडालाय, दोन्ही टोकांना गंजाचे तांबूस डाग पडलेत, आणि माझ्यावरचा दोनचा आकडा आता बोटानं चाचपला तरच कळतो. आम्ही डंबेल जन्मतो जोडीनं. मी मात्र एकटाच उरलोय.

कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत मला वाळूच्या साच्यात ओतलं. साचा फोडला तेव्हा शेजारी वीस-वीस किलोंचे थोरले भाऊ पडलेले दिसले, आणि त्यांच्यापुढे माझा एवढासा जीव. पण अगदी माझ्यासारखाच, माझ्याच मापाचा आणखी एक जण त्या वाळूतून बाहेर आला होता. तो माझा जोडीदार. आम्हा दोघांना एकाच सुतळीनं बांधलं आणि ट्रकमध्ये टाकलं. एवढ्या लांबच्या रस्त्यात मला कशाची भीती वाटली नाही, कारण प्रत्येक खड्ड्याला तो माझ्यावर आपटायचा आणि मी त्याच्यावर.

आम्ही उतरलो कलबुर्गीच्या एका जिममध्ये. भिंतीभर आरसे. पोरं यायची, मोठाली वजनं उचलायची आणि आरशात आपले दंड बघायची. कौतुक व्हायचं ते थोरल्यांचं. आम्ही सगळ्यात खालच्या फळीवर. "अरे, हे तुझ्या आज्जीला नेऊन दे की!" असं म्हणत पोरं एकमेकांना चिडवायची. पण तिथले वस्ताद मोठे जाणते होते. नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी आम्हालाच द्यायचे. "पहिल्यांदा हात सरळ न्यायला शिक. वजन काय पळून जायलंय का?" असं म्हणायचे. माझ्या वाट्याला आलेली वाहवा एवढीच, पण तिच्यावर मी बरीच वर्षं काढली.

मग तो साथीचा काळ आला. शटर खाली पडलं ते पडलंच. आत अंधार, धूळ, आणि आरशात आमचेच आम्ही. वर्षभरानं सगळं सामान निघालं. ज्याला जे हाताला लागेल ते त्यानं पोत्यात भरलं. माझा जोडीदार कुणाच्या पोत्यात गेला, मला दिसलंसुद्धा नाही. मला उचललं श्रीनाथ नावाच्या पोरानं. तो कलबुर्गीत इंजिनिअरिंग शिकला होता आणि त्याच जिममध्ये यायचा. एक बाक, एक दांडी आणि मी, असे आम्ही त्याच्या घरी बिदरजवळच्या औरादला आलो.

त्यानं मागच्या खोलीत जिम मांडली. भिंतीला आरसा लावला, तक्ता चिकटवला, कुठल्या वारी काय करायचं ते रंगीत पेनानं लिहिलं. पहिल्या दिवशी दोन तास घाम गाळला. दुसऱ्या दिवशी तास. आठव्या दिवशी त्यानं दारातूनच आत पाहिलं आणि परत गेला. पोरगा आळशी नव्हता हो. पण इथं चिडवायला मित्र नव्हते, ओरडायला वस्ताद नव्हते. घरातल्या जिममध्ये आपली वाट कुणीच बघत नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. बाकावर गोधड्या चढल्या. माझा उपयोग श्रीनाथच्या आईला, नागूबाईंना झाला. उन्हाळ्यात गच्चीवर पापड घातले की वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून कोपऱ्यावर मला ठेवायच्या. खंडेनवमीला मात्र विळी, कोयता, स्कूटर यांच्या रांगेत मलाही बसवायच्या. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी मी देव. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर, कपाळाला वाळलेलं कुंकू घेऊन.

अशी चार वर्षं गेली. मग श्रीनाथला बाळ झालं आणि नागूबाई नातवासाठी बेंगळुरूला गेल्या. घरात राहिले एकटे हणमंतराव गुरुजी, श्रीनाथचे वडील. शाळेतून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना ओळखतं ते सप्ताहातले वीणेकरी म्हणून.

मित्रांनो, सप्ताहाचा एक नियम असतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं दोन तास उभं राहायचं. त्याला पहारा म्हणतात. पाचव्या दिवशी दुपारी दोन ते चार हा पहारा सव्वीस वर्षं गुरुजींचा होता. जेवणानंतर सगळा मंडप पेंगत असतो, तेव्हाची ही वेळ. ती कुणी मागून घेत नाही. गुरुजींनी मागून घेतली होती.

त्या पावसाळ्यात गुरुजी स्कूटरवरून घसरले आणि डावा खांदा मोडला. त्याच हातानं वीणा छातीशी उभी धरायची असते. प्लास्टर निघालं तेव्हा हात दोडक्यासारखा सुकला होता. सप्ताहाचे पहारे लिहिणारे गुंडप्पा अण्णा भेटायला आले. दोघं मागच्या खोलीतच बसले, कारण इथला बाक आता रिकामा होता. गोधड्या नागूबाई घेऊन गेल्या होत्या.

"गुरुजी, यंदा वीणा गुरुबसवकडं देऊ," गुंडप्पा अण्णा म्हणाले. "जवान पोरगा हाय. तुमी खाली बसून टाळ धरा."

"माझा पहारा मी करतो की."

"हट्ट कामून करायलाव? हात सुटला आन् वीणा खाली पडली तर?"

गुरुजींनी सुकलेला हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. म्हणाले, "अण्णा, फाल्गुनातल्या सप्ताहाला अजून पाच महिने हायेत. नाव खोडू नका."

"खोडत न्हाई. पण पेन्सिलनं लिहितो," अण्णा म्हणाले, आणि चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान, पूजा आटोपून गुरुजी माझ्यापुढे उभे राहिले. फळीवरून मला काढलं, माझ्या कपाळावरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मला आपल्या कपाळाला लावलं. किती वर्षांनी व्यायामाला म्हणून एका माणसाच्या तळहाताची ऊब मिळाली! पण मित्रांनो, ऊब मिळाली आणि घात झाला. गुरुजींनी उजव्या हातात तुळशीची माळ घेतली, डाव्या हातात मला, आणि एकेका मण्याला मला एकेकदा वर उचलायला लागले. एकशे आठ! त्यांच्या हिशेबी माळ अर्धी सोडणं म्हणजे पाप. नव्वदाव्या मण्याला ओठ पांढरे पडले, पण माळ पुरी झाली. चौथ्या दिवशी खांदा सुजून भोपळा झाला.

दर बुधवारी बिदरहून व्यायाम शिकवायला नेत्रा नावाची मुलगी औरादला यायची. हाडांच्या डॉक्टरांनी तिलाच गुरुजींकडे पाठवलं. तिनं खांदा दाबून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"सर, हे काय करून घेतलाव?"

"जप केलो," गुरुजी शरमून म्हणाले. "रोज एक माळ."

"माळेतल्या मण्याला खांदा नसतोय, सर!" तिला हसू आवरेना. मग सावरून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आता सहा आठवडे ह्याला हात लावायचा न्हाई. नुसता रिकामा हात, भिंतीवरून बोटं चालवायची. मग अर्धी बाटली पाणी. मग हा."

"मग माझा नेम मोडला की गं."

"सर, तुमी शाळेत शिकवलाव. रोज यायलेलं पोरगं चांगलं, का एकाच दिवशी येऊन सगळा फळा लिहून जायलेलं?"

"रोज यायलेलं."

"मग झालं की! खोलीत रोज या. किती करायचं ते खांदा सांगंल, माळ न्हाई."

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात एकटे. अडगळीत पडलो होतो तेव्हा निदान कुणी दिसत तरी नव्हतं. आता गुरुजी रोज येत, माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहत, भिंतीवरून मुंगीसारखी बोटं वर चढवत, आणि मी फळीवरून नुसता बघत असे. पुढे पाण्याच्या बाटलीची पाळी आली. खरं सांगतो, एका प्लास्टिकच्या बाटलीचा मला हेवा वाटला.

पौषात एका सकाळी त्यांनी मला उचललं. पाच वेळा. बस. सहाव्यांदा हात पुढे झाला, थांबला, आणि त्यांनी मला हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, वस्ताद असते तर पाठीवर थाप दिली असती.

पण आणखी एक घोळ होता. गुरुजींना कीर्तनाची फार ओढ. व्यायाम करताना मोबाइलवर कीर्तन लावून ठेवायचे. बुवा अभंग सोडवत असेपर्यंत ठीक, मी वर-खाली होत असे. पण दृष्टांतातली गोष्ट सुरू झाली की गुरुजी बाकावर बसायचे, मी मांडीवर, आणि डोळ्यांतून धारा. एकदा तेवढ्यातच नागूबाईंचा फोन आला.

"आवं, व्यायाम करायलाव का कीर्तन ऐकायलाव?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे एकबी न्हाई. देवाला बसवून ठेवलाव आन् खांद्यालाबी. आधी हे उरका, मग मांडी घालून निवांत ऐका."

त्या दिवसापासून खोलीत कीर्तन बंद झालं. तेव्हा कळलं, ते घर किती शांत होतं. गुरुजींचा श्वास, खुर्चीवरून ऊठ-बस करताना कुरकुरणारे गुडघे, बाहेर एखादी चिमणी. दुसरं काही नाही. आरशात एक म्हातारा आणि त्याच्या हातात मी. "तू न् मी, दोघंच रे," असं ते एकदा मला म्हणाले. एका सकाळी ते उंबऱ्यावरच बसून राहिले. "आज नको वाटायलंय," मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बरं, एकदाच," आणि आत येऊन त्यांनी मला एकदाच उचललं. त्या दिवशीचा व्यायाम तेवढाच. पण मला विचाराल तर साऱ्या हिवाळ्यात ते माझं सगळ्यात जड उचलणं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वेळा उचललं.

फाल्गुन आला. सप्ताह बसला. पाचव्या दिवशी दुपारी गुरुजींनी धुतलेलं धोतर नेसलं, बुक्का लावला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मी कुठं जाणार? मी फळीवर. मंदिरावरचा भोंगा मात्र इथपर्यंत ऐकू येतो. "दोन ते चारचा पहारा, हणमंतराव गुरुजी!" गुंडप्पा अण्णांचा आवाज आला आणि टाळ सुरू झाले.

खिडकीच्या गजाची सावली फरशीवर सरकत होती, तिच्यावर मी वेळ मोजत होतो. एक फरशी झाली. दीड झाली. आणि एकाएकी टाळ थांबले. भोंग्यातून नुसती खरखर. वीणा पडली का? गुरुजी पडले का? मित्रांनो, ज्याच्यासाठी आपण रोज झिजलो त्याच्या खऱ्या वेळेला आपण तिथं नसतो, याच्यासारखं एकटेपण नाही. मग टाळ पुन्हा सुरू झाले, आणि काय झालं ते मला कळलंच नाही.

पाचच्या सुमारास कडी वाजली. गुरुजी आले ते थेट मागच्या खोलीत. बाकावर बसून नागूबाईंना फोन लावला.

"झाला का पहारा?"

"दीड तास. मग हात थरथरायला लागला. गुरुबसवला डोळ्यानं खुणावलो. त्यानं माझ्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली. टाळकरी बघतच राहिले."

"खाली टेकली का?"

"छे! जमिनीचा वाराबी लागला न्हाई."

"मग रडायलाव कामून?"

गुरुजींनी नाक पुसलं. "अगं, पहिल्यासारखा हट्टी असतो तर चारच वाजवले असते. अन् पाडलो असतो. आज माझं मला कळलं, आता द्यावं."

"अण्णा काय म्हणले?"

"म्हणले, पुढल्या साली दीड तासच लिहितो. मी म्हणलो, दोनच लिहा. पण पेन्सिलनंच."

फोनमधून नागूबाईंचं हसू खोलीभर पसरलं. किती दिवसांनी त्या भिंतींनी हसू ऐकलं!

मला मात्र काळजी होती ती दुसऱ्या सकाळची. पहारा झाला, आता गुरुजी कशाला येतील? ना आता वीणा धरायची, ना कुणाला काही दाखवायचं. ऊन खिडकीत आलं, वर चढलं. मी वाट बघणं सोडून दिलं होतं, तेवढ्यात पावलं वाजली. गुरुजींनी मला उचललं. आठ वेळा उचललं, पुसलं, ठेवलं, आणि मग अंगणात जाऊन कीर्तन लावलं.

आता चैत्र आहे. गुरुजी नातवाला बघायला महिनाभर बेंगळुरूला गेलेत. जाताना पिशवीत त्यांनी मला ठेवलं होतं, पण ज्वारीचं पीठ आणि शेंगांची चटणी मावेना, म्हणून मला बाहेर काढलं. "तुझ्यावाचूनबी जमंल आता," असं म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या खांद्यासाठी मी झिजलो ते याच दिवसासाठी ना?

मित्रांनो, तुमच्याही घरात फळीवर, पलंगाखाली, दारामागे माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल. त्याला महागडा आरसा नको, तक्ता नको, मोठा संकल्पही नको. अंगावरची धूळ पुसा आणि शरीर सोसेल तेवढंच उचला. उद्या तुम्हाला नकोसं वाटेल. खोलीत बघणारं कुणी नसेल, शाबास म्हणणारंही कुणी नसेल.

तरी या.