खिळ्यांमधली कोरी जागा

मित्रांनो, पुस्तक वाचताना तुमची नजर रोज माझ्यावरून जाते, पण मी कुणाला दिसत नाही. मी छापखान्यातली एक जुनी स्पेस आहे, म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये बसवायचा शिशाचा कोरा तुकडा. शाई लागू नये म्हणून मला अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा मुद्दाम बुटकं ओतलं. कौतुक व्हायचं ते अक्षरांचं, आमच्या नशिबी नुसतं मध्ये उभं राहणं.

आमचे खिळे जुळवणारे काका फारसे शिकलेले नव्हते. पण इंग्रजीतले काही शब्द जोडून लिहिले की एक अर्थ आणि तोडून लिहिले की दुसरा, हे त्यांना तोंडपाठ होतं. 'ऑलरेडी' जोडून म्हणजे आधीच, 'ऑल रेडी' तोडून म्हणजे सगळे तयार. भलेभले मास्तर त्यांना विचारायला येत. ओळ जुळवून झाली की काका डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत. मी असेन तिथे तो किंचित खाली उतरे. तेवढंच माझं सुख.

पुढे काकांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तीस वर्षं शिसं हाताळून ती बधिर झाली होती. म्हणजे आम्हीच ती बधिर केली, आणि हे मला अजून सलतं. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांची मुलगी तिथेच प्रुफं तपासायची. मी नको तिथे बसलेली आणि हवी तिथे नसलेली पाहून ती चिडायची, वडिलांना वाट्टेल ते बोलायची, आणि मालकांना कळायच्या आत चुका निस्तरायची.

मग नेमकं अशाच जोडून-तोडून लिहायच्या इंग्रजी शब्दांचं शाळेचं पुस्तक छापायला आलं. मुलगी तापाने घरी होती. प्रुफं मालकांनी पाहिली, तर पानोपानी चुका. त्यांनी काकांना डोळे मिटायला लावलं आणि मला त्यांच्या चिमटीत ठेवलं.

"काका, हातात काय आहे?"

काकांनी बराच वेळ चिमूट दाबून पाहिली.

"अजून काही दिलंच नाहीत तुम्ही, मालक."

काकांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि सावकाश माझ्या खणात ठेवलं. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

त्यांचा चष्मा न्यायला मुलगी आली, तेव्हा मालकांनी तिला सगळं सांगितलं. ती काकांच्या स्टुलावर बसून रडली. "मला वाटायचं, त्यांचं लक्ष नसतं," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणाच्या हातून चुका होऊ लागल्या, तर बोलण्याआधी तो हात एकदा हातात घेऊन बघा.